भाव पाहायला टाकलेली सायकल

आमचं सायकलचं दुकान यवतमाळजवळच्या नेर गावात, कापसाच्या यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अब्बांच्या काळात दुकानापुढं किरायाच्या सायकली ओळीनं उभ्या राहायच्या. खेड्यावरून एसटीनं आलेला माणूस सायकल घ्यायचा, गावातली कामं उरकायचा आणि संध्याकाळी परत आणून लावायचा. मग फटफट्या आल्या, ऑटो आले आणि किरायाच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा हवा आणि पंक्चर एवढंच काम उरलं होतं. दिवसभर माशा मारायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर चिडायचं, असं माझं चाललं होतं. चिडायला मला तसंही फार मोठं कारण लागत नाही.

त्यात कापसाचे वाईट दिवस आले. बाहेरच्या लोकांना ते पेपरातून कळले, आम्हाला दुकानात बसल्या बसल्या कळले. कापसाचा भाव पडला की लग्नं पुढं ढकलली जातात, भांड्यांच्या दुकानात भांडी लख्ख राहतात, आणि टायर बदलायला आलेला माणूस म्हणतो, "राहू दे भाई, आतून चिंधी लावून दे." मी चिंध्या लावत गेलो. चिंधीचे काय पैसे मागायचे, म्हणून मागत नव्हतो, आणि मग घरी जाऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून बायकोवर ओरडायचो.

जुन्या सायकलींचा धंदा काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक विलायती सायकल टांगलेली होती. नागपूरला जाणारा एक माणूस गाडीच्या चाकात हवा भरायला थांबला आणि त्याची नजर तिच्यावर गेली. त्यानं ती खाली काढायला लावली, उलटी केली, सीटखाली कोरलेला नंबर रुमालानं पुसून वाचला आणि जागच्या जागी भाव बोलला. मला वाटलं, चेष्टा करतो. चेष्टा नव्हती. जाताना त्यानंच सांगितलं की अशा सायकलींचे इंटरनेटवर लिलाव होतात, आणि देशभरातले शौकीन लोक त्यावर तुटून पडतात.

माझा भागीदार म्हणजे माझा शाळेतला दोस्त, सायकलनं घटकाभराच्या अंतरावरच्या खेड्यातला कास्तकार. लागोपाठ दोन हंगाम कापसानं त्याच्या हातावर काही ठेवलं नव्हतं आणि तो रोज दुकानात येऊन बसायचा. आम्ही कामं वाटून घेतली. त्यानं खेड्यापाड्यात फिरून सायकली शोधायच्या, मी त्या दुरुस्त करायच्या, आणि बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन लिलावाला टाकायच्या. शोधण्यात तो पक्का होता. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागे काय पडलं आहे हे त्याला सोयऱ्याधायऱ्यांकडून कळायचं. जुनी द्या, नवी घ्या, असा त्याचा सौदा. घरातल्या बाया तर त्याच्यावर खूष असायच्या, कारण अडगळही जायची आणि पोरीला शाळेत जायला नवी सायकलही मिळायची.

गिऱ्हाईक मात्र एकेक नमुना. पहिली सायकल आम्ही मोठ्या हौसेनं काळाभोर रंग मारून टाकली, तर कोणी ढुंकून पाहिलं नाही. दुसरी तशीच, फक्त कोंबड्यांची घाण पुसून टाकली, तर बोली चढत गेली. लोकांना गंज पाहिजे होता, त्यातही जुना. एकानं तर गंजाचा जवळून फोटो मागितला. मी म्हटलं, बाप्पा, पैसे तुझे, गंज तुझा, घे.

साईटचे नियम साधे होते. फोटो टाकायचे, माहिती लिहायची, सात दिवस बोली चालणार, आणि वेळ संपली की ज्याची बोली सगळ्यात वर त्याची सायकल. अमक्या भावाच्या खाली द्यायची नसेल तर तो भाव आधीच एका चौकटीत भरायचा, तो घेणाऱ्याला दिसत नाही. माल पोचला की घेणारा आपल्याबद्दल शेरा लिहितो. शेरे चांगले असले की पुढची गिऱ्हाइकं येतात. आणि झालेला सौदा मोडला की खातं कायमचं बंद. आमचे शेरे चांगले होते, आणि दोन घरं त्या शेऱ्यांवर चालली होती.

आता दोस्ताच्या वडलांबद्दल सांगितलं पाहिजे. मी त्यांना काका म्हणतो. तरुणपणी बैलानं उडवल्यामुळे त्यांचा उजवा खुबा कायमचा आखडला होता. पाय पुढंमागं जायचा, पण बाजूला उघडत नव्हता. दांड्यावरून टांग टाकून सायकलवर बसणं त्यांना जमणारच नव्हतं. चार पावलं चालले की बसायला जागा शोधायचे. पण मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई गाव सोडून गेली तेव्हा तिची सायकल काकांनी घेतली. विलायती, बिनदांड्याची, लेडीज. पुढून नळी हंसाच्या मानेसारखी खाली वळलेली, मागच्या चाकावर लुगडं अडकू नये म्हणून दोऱ्यांची जाळी. काका त्या नळीवरून पाय आत घालायचे, सीटवर टेकायचे आणि निघायचे. सायकलवर बसलेल्या काकांना पाहून कोणी म्हणालं नसतं की हा माणूस लंगडा आहे. रोज सकाळी डबा हँडलला अडकवून शेतात, सूर्य कलला की परत, असं त्यांचं सारं आयुष्य त्या सायकलवर गेलं.

आणि सारं आयुष्य गाव हसलं. पारावर बसलेले लोक रोज नव्यानं विचारायचे, "काय बुवा, काकूले इचारलं का सायकल नेताना?" काका शिव्या द्यायचे, लोक अजून हसायचे. त्यात वाईट मनाचं कोणी नव्हतं. पण ज्याच्यावर हसतात त्याला रोज तेच ऐकावं लागतं, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. एकदा दुकानात ट्यूब बदलायला आले असताना काका मला म्हणाले, "त्या लिलावात माह्या सायकलीचा भाव काय येईन रे बाबू?"

मी म्हटलं, "चांगला येईन. विकता का?"

"इकतो कायले? भाव इचारून राह्यलो."

ते तिथंच संपलं, असं मी धरून चाललो.

त्यानंतर माझ्या भाचीचं लग्न आदिलाबादला होतं. मी बायकोपोरांना घेऊन दहाएक दिवस तिकडं होतो. परत आलो आणि दुकान उघडतो न उघडतो तोच दोस्त पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. चेहरा नुसता फुललेला. म्हणे, बाबानं पाठवले. पारावरच्या एकूण एक माणसाला देऊन झाले, आता तुझी पाळी.

"कायचे पेढे?"

"सायकलीचा भाव आला ना! भाई, आजपर्यंत आपल्या एकाही सायकलीले इतका आला नाही."

पेढा माझ्या हातातच राहिला. मी विचारलं, "कोणती सायकल?"

"बाबाची. त्यायनं म्हटलं भाव तं पाहू. कॅफेतल्या पोराकडून फोटो काढले, आपल्या खात्यावर टाकून देल्ले. काल लिलाव संपला."

"अन् कमीत कमी भावाची चौकट? ते भरली का?"

"इकाचीच नाही तं भरू कायले?" तो म्हणाला, आणि अगदी शांतपणे पुढं बोलला, "आता तू नाही देत म्हणून लिहून टाक."

इथं यार्डातली रीत सांगावी लागेल, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की माझा दोस्त बावळट आहे. तो बावळट नाही. कापसाच्या यार्डात कास्तकार गाडी लावतो. व्यापारी येतो, मुठीत कापूस दाबून पाहतो, धागा ओढतो आणि भाव बोलतो. दुसरा त्याच्या वर बोलतो. शेवटची बोली झाली तरी माल कास्तकाराचाच असतो. त्यानं मान हलवली तर सौदा, नाही तर 'नाही देत' म्हणायचं, बैल जुंपायचे आणि घरी जायचं. त्यात लाज नाही, भांडण नाही. कितीतरी लोक पहिल्या वेचणीचा कापूस नुसता भाव पाहायलाच आणतात. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिलाव म्हणजे हेच, त्यानं इंटरनेटच्या लिलावालाही हेच समजावं यात नवल नव्हतं.

पण हे शहाणपण मला आज सुचतं आहे. त्या दिवशी मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. समोरचा पानवाला ठेला सोडून बघायला आला. "अक्कल गहाण ठेवलीस का बे? इतक्या सायकली आपण टाकल्या, एकाला तरी नाही म्हटलं का?" तो म्हणाला, "त्या इकाच्या होत्या." मी नेट कॅफेत गेलो. घेणारा पुण्याचा एक गृहस्थ होता. त्यानं पैसे भरूनही टाकले होते. सोबत लांबलचक निरोप होता की तो फक्त स्त्रियांच्या जुन्या सायकली जमवतो, अशी कित्येक वर्षं शोधत होता, आणि कृपया चाकावरच्या जाळीला धक्का लागू देऊ नये.

दुपारून आम्ही दोघं माझ्या फटफटीवर खेड्याला गेलो. काका पारावर होते, सायकल पाराला टेकवलेली. त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. एक म्हातारा सायकलच्या घंटीवरून बोट फिरवून बघत होता, आणि काका सगळ्यांना भाव तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सांगत होते. मला पाहून म्हणाले, "ये बाबू, तूच सांग यायले. माह्या तोंडून खोटं वाटते."

मी म्हटलं, "काका, घरी चला."

घरी अंगणात बाजेवर बसून मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांना ते पटत नव्हतं.

"मी देतो म्हटलं का?"

"तिथं विचारत नाही, काका."

"मान तं हालवली नाही ना मी?"

"मान हलवाची जागाच नाही तिथं. टाकाच्या आधी काय ते ठरवाचं. एकदा टाकली का टाकली."

"म्हणजे गाडी यार्डात शिरली का इकली?"

"हो."

"असा कोणता बाजार हाये बे हा?" ते एकदम ओरडले. आतून काकू दारापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. दोस्त खाली मान घालून नखानं बाजेची दोरी कुरतडत होता. काकांचा राग खरा होता आणि मला तो पटतही होता. पण मला माझं घर दिसत होतं, आणि खोटं कायला सांगू, त्या घडीला मला त्यांच्या खुब्यापेक्षा माझ्या घराची काळजी जास्त होती.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "अन् नाही म्हटलं तं?"

"तं आमचं खातं बंद. मंग आपली एकही सायकल तिथं लागत नाही."

"दुसरं काढा."

"नव्या खात्याले कोण कुत्रं विचारते, काका?"

काका मुलाकडे वळले. "आपल्या घरात यंदा पैसा कायचा आला रे?"

तो म्हणाला, "सायकलीचा."

"कापसाचा?"

काका उठले, भिंतीला धरत धरत सायकलपाशी गेले आणि हँडलला हात लावला. मला वाटलं, आता नाही म्हणतात. म्हटलं असतं तर मी भांडलोही असतो, पण मनातून सुटल्यासारखंही झालं असतं. ते म्हणाले, "चाला मंग." मी सायकल घ्यायला पुढं झालो तर माझा हात झटकला. "तू नको धरू. मीच आणतो तुह्या दुकानापर्यंत."

ते पुढं सायकलवर आणि आम्ही दोघं मागं फटफटीवर, असे नेरला आलो. फटफटी इतकी हळू चालवणं कठीण असतं, सारखी बंद पडायची. ऊन उतरत होतं. काका एका लयीत पायडल मारत होते, चढावरही उतरले नाहीत. दुकानापुढं उतरून त्यांनी सायकल भिंतीला लावली, घंटी एकदा वाजवली, आणि माझ्याकडे न बघता एसटी स्टँडकडे चालू लागले. दोस्त म्हणाला, बाबा, फटफटीवर बसा. ते थांबलेच नाहीत. स्टँडवर कंडक्टरनं हात देऊन त्यांना वर ओढलं.

मी सायकल बारदान्यात गुंडाळली. जाळीच्या आत कापूस भरला, भरपूर, कारण आमच्याकडं त्या वर्षी त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं. यवतमाळहून ट्रान्सपोर्टनं पाठवली. पुण्याच्या गृहस्थाचा रोज फोन यायचा, निघाली का, कुठं पोचली. पोचली तेव्हा त्यानं शेरा लिहिला, अप्रतिम वस्तू, सचोटीचे विक्रेते. इतका चांगला शेरा आम्हाला आधी मिळाला नव्हता. वाचून आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला त्या भल्या माणसाचाच राग आला. त्याचा काही दोष नव्हता.

दोस्त गावातल्या कोणाची तरी फटफटी मागून वडलांना मागं बसवून शेतात न्यायला लागला. खुबा उघडत नसल्यामुळे काका दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायचे, बाया बसतात तसे. गावात कोणी हसलं नाही. पंधरवडाभर गेले असतील, मग त्यांनी जाणं सोडलं. मजूर काय करतात, कुठं अळी लागली, हे मुलगा संध्याकाळी येऊन सांगायचा आणि ते "हं" म्हणायचे. पारावरही जात नव्हते. त्यांच्या सायकलीचा भाव आता गावच सांगायचं, पाव्हण्यांना, सोयऱ्यांना, दर वेळी थोडा वाढवून.

हे मला दोस्ताकडून कळत होतं आणि मी त्याच्यावर खेकसत होतो, "मले काय सांगतं?" शेवटी एक दिवस शटर लावलं आणि यवतमाळला जाऊन नवी लेडीज सायकल घेतली. शाळेच्या पोरींसाठी असते तसली, पुढं टोपली असलेली. रंग त्यातल्या त्यात शांत पाहून निवडला. टोपली काढून टाकली, सीट काकांच्या मापानं खाली घेतली, मागं दणकट कॅरियर बसवलं, आणि शुक्रवारची नमाज आटोपून ती खेड्याला घेऊन गेलो.

काका अंगणातच होते. त्यांनी सायकल जवळ ओढली. सीट मुठीनं दाबून पाहिली, ब्रेक दाबले, चाक उचलून फिरवलं. मग पाय आत घातला, टेकले आणि निघाले. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. दोस्ताचे डोळे भरून आले होते, ते मला दिसलं.

"हलकी हाये," काका म्हणाले.

"जमते ना, काका?"

"जमते." मग त्यांनी सायकल ओट्याला लावली आणि विचारलं, "कुलूप नाही आणलं याच्यासंग?"

मी हसलो. म्हटलं, "काका, तुमच्या गावात सायकल कोण चोरते? त्या सायकलीले कधी कुलूप होतं का?"

"नव्हतं ना," ते म्हणाले. "म्हणूनच मांगून राह्यलो. थे काय चोरानं नेली?"

ते रागानं बोलले नव्हते. चहा सांगायचा तसा त्यांचा आवाज होता. दोस्त उठला आणि आत निघून गेला. काकूंनी चहा आणला, मी प्यालो, गोड होता की नाही ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी साखळीचं कुलूप घेऊन परत गेलो. काकांनी साखळी चाकातून आणि ओट्याच्या खांबाभोवतून फिरवली, कुलूप दाबलं, ओढून पाहिलं. दोस्त शेजारीच उभा होता. कुलपासोबत दोन किल्ल्या येतात, एक वापरायची आणि एक घरात ठेवायची. काकांनी दोन्ही आपल्या खिशात टाकल्या.